नवखे नट आणि जागेवरचा आवाज

कधीही अभिनय न केलेल्या माणसाला चित्रपटात महत्त्वाची भूमिका देणे ही 'फँड्री'नंतरची रीत आहे, असे अलीकडे वारंवार लिहिले जाते. मराठी माणसाच्या हातून ही रीत भारतीय चित्रपटाच्या जन्मासोबतच सुरू झाली. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी निवडले. मूकपटाला चेहरा, डोळे आणि अंगाची ठेवण एवढे पुरत होते. बोलपट आला आणि आवाज लागू लागला. तो तयार मिळण्याची जागा म्हणजे संगीत रंगभूमी, म्हणून 'अयोध्येचा राजा'त (१९३२) हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे.

तरीही दार पूर्ण बंद झाले नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवरचे, तर आवलीचे काम केले ते प्रभातमध्येच किरकोळ कामे करणाऱ्या गौरीने. दामले-फत्तेलाल यांनी या दोघांना समोरासमोर उभे केले, आणि चित्रपटाची सारी ताकद त्या जोडीत आहे. पागनीसांचे बोलणे गाण्याकडे झुकते, गौरीचे चुलीकडे. पोर आजारी पडल्यावर वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरणारी तिची आवली आजही ताजी वाटते, कारण तिच्या तोंडची भाषा कोणी घडवून दिलेली वाटत नाही. त्या काळी आवाज चित्रीकरणाच्या वेळी, त्याच जागी मुद्रित होत असे. गौरी जशी बोलली तशी ती ऐकू येते.

पुढे चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेले, कॅमेरे हलके पण खडखडाट करणारे झाले आणि संवाद नंतर बंद खोलीत डब करण्याची पद्धत रूढ झाली. या बदलाने नवख्या नटाचे जेवढे नुकसान केले, तेवढे कशानेच केले नसेल. डबिंग हे स्वतंत्र कसब आहे. पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे पाहत, महिन्यांपूर्वीचा राग पुन्हा त्याच मापात आणायचा असतो. मुरलेला नट ते करतो. शेतावरून आणलेला पोरगा तिथे पाठ म्हटल्यासारखे बोलतो, नाहीतर त्याला दुसऱ्याचा आवाज दिला जातो. मराठी पडद्यावर सोलापूर, नगर, साताऱ्याच्या बोली पुसल्या जाऊन एकच ठरावीक 'गावरान' भाषा कितीतरी वर्षे ऐकू येत राहिली, त्याचे एक मोठे कारण या खोलीत सापडते.

'लगान'नंतर (२००१) हिंदीत जागेवरच्या ध्वनिमुद्रणाला पुन्हा प्रतिष्ठा आली. मग डिजिटल कॅमेरा आला, फिल्म वाया जाण्याचा धाक गेला आणि नवख्या माणसाला पुनःपुन्हा टेक देणे परवडू लागले. या दोन्ही गोष्टी जुळून आल्यावरच मराठीत नवे चेहरे एकामागून एक दिसू लागले. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी पारितोषिक मिळाले. मेंढपाळ कुटुंबाच्या या चित्रपटात मेंढरांचा कालवा, वारा आणि माणसांची हाळी वेगळी काढताच येत नाहीत. दिग्दर्शकाच्या नावाची चर्चा खूप झाली. या पारितोषिकाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो आणि ही उणीव समीक्षकांची आहे.

मागच्या भागानंतर एका वाचकाने प्रश्न पाठवला: असा माणूस फक्त स्वतःलाच वठवतो ना, मग त्याला अभिनय का म्हणायचे? उत्तर 'सैराट'च्या (२०१६) उत्तरार्धात आहे. अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू पूर्वार्धात बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, हुकूम सोडते. तिथपर्यंत हा आक्षेप फार तर टिकेल. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर आर्चीला भोवतालची भाषा कळत नाही आणि तिचा आवाजच लहान होतो. वाक्ये तुटतात, शेवटचे शब्द गिळले जातात. पाटलाच्या लेकीचा तोरा आणि परक्या शहरातली ही भीती, दोन्ही एकाच मुलीने उभी केली आहेत. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत झालेला तिचा विशेष उल्लेख सर्वस्वी योग्य होता. हीच कथा 'धडक'मध्ये (२०१८) उदयपूरला गेली, चित्रपटसृष्टीतल्या घरांमधली मुले तिच्यात आली आणि जातीबरोबर बोलीचीही धार गेली.

'फँड्री' आणि 'सैराट' या दोन्हींचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांची पद्धत नवख्याशेजारी मुरलेला नट ठेवण्याची आहे. 'फँड्री'त करमाळा तालुक्यातल्या केमचा सोमनाथ अवघडे जब्या झाला आणि त्याच्या बापाचे, कचरू मानेचे, काम किशोर कदम यांनी केले. कदम यांनी तिथे जे केले ते फार अवघड आहे. मान खाली, शब्द मोजके, आवाज घशातच अडलेला. मुलापेक्षा वरचढ दिसेल असा एकही क्षण ते घेत नाहीत. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी थिजते, त्या दृश्यात कोण शिकलेला नट आणि कोण नाही, हे ओळखता येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांची वाट निराळी आहे. 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा दूर उभा राहतो आणि सहसा हलत नाही. शाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची विधवा झालेल्या उषा बाने यांच्या वाट्याला प्रत्यक्ष आयुष्यातही तेच आले होते. आत हवा आहे की नाही हे नवरा कसे ओळखायचा, याचे उत्तर ही विधवा साक्षीत देते: खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर उतरायचे. स्वर चढत नाही, रडे येत नाही. इथे पार्श्वसंगीत घातले असते किंवा कॅमेरा चेहऱ्यावर नेला असता तर तो अत्याचार ठरला असता. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील म्हणून कायद्याची कलमे ज्या सपाट सुरात वाचत जातात, तो सूर याच साक्षीशी जुळवून घेतलेला आहे.

'द डिसायपल'मध्ये (२०२०) ताम्हाणे यांनी याच विचाराचे टोक गाठले. शरद नेरूळकरच्या भूमिकेसाठी शिकलेला गायक आदित्य मोडक आणि गुरुजींसाठी मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांचे शिष्य अरुण द्रविड निवडले. नटाने ओठ हलवले असते तरी ख्यालात श्वास कुठे घेतला जातो, तान अडते तेव्हा गळ्याची शीर कशी दिसते, हे लपले नसते. गुरुजींच्या गुरू माई यांचा तर केवळ आवाजच ऐकू येतो, आणि तो सुमित्रा भावे यांचा आहे. रात्री मोकळ्या उड्डाणपुलांवरून संथपणे जाणारी मोटारसायकल आणि त्यावर हा निग्रही, जराही न डगमगणारा स्वर. अभिनय न शिकलेल्या आवाजाने एवढी जरब दुसऱ्या कुठल्याही अलीकडच्या मराठी चित्रपटात निर्माण केलेली नाही.

या भागात रोहन परशुराम कानवडे यांच्या, २०२५ साली सनडान्सला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या 'साबर बोंडं'चा विचार व्हायचा होता. त्यात पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे आवाजाचा हा सगळा इतिहास आधी येणे भाग होते. तो चित्रपट पुढच्या भागात.