तिएन शानपलीकडील चिनी बोली

किर्गिझस्तान आणि कझाकस्तान यांच्या सीमेवर पसरलेल्या चू नदीच्या खोऱ्यात, किर्गिझ, कझाक व रशियन भाषांनी चहूबाजूंनी वेढलेल्या काही गावांत, चिनी भाषेची एक शाखा सुमारे दीडशे वर्षे स्वतंत्रपणे नांदत आहे. तिला दुंगान म्हणतात. १८६२ साली शेन्शी व कान्सू प्रांतांतील ह्वेइ मुसलमानांनी चिंग राजसत्तेविरुद्ध उभारलेले बंड मोडले गेल्यावर, १८७७-७८च्या ऐन हिवाळ्यात बाय यान्हू प्रभृती पुढाऱ्यांच्या मागोमाग हिमाच्छादित तिएन शान ओलांडून जे लोक रशियन अमलाखालील मुलखात आश्रयास आले, त्यांच्या वंशजांची ही मातृभाषा होय.

हे निर्वासित बहुतांशी शेतकरी व निरक्षर असल्यामुळे बोली त्यांच्याबरोबर आली आणि चित्रलिपी मागे राहिली. पुढे चीनमध्ये बादशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तरी या बोलीत सरकारी कचेरीस चिंग अमदानीतील ‘यामिन’ हेच नाव टिकले. धर्मजीवनातील शब्द अरबी-फारसीतून व आधुनिक व्यवहारातील शब्द रशियनमधून येत गेले, परंतु व्याकरणाचा सांगाडा वायव्य चीनमधील मँडरिनचाच राहिला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे ते तिच्या लेखनास. मँडरिनमध्ये सुराच्या चढउताराने अर्थ पालटतो आणि समोच्चारी शब्दांची संख्या विपुल, म्हणून चित्राक्षरांवाचून ती लिहिणे अशक्य, असे अनेक विद्वान मानीत आले. दुंगान मात्र १९२०च्या दशकाअखेर रोमन लिपीत आणि १९५०च्या दशकात, रशियन वर्णमालेत ५ अक्षरांची भर घालून, सिरिलिक लिपीत लिहिली जाऊ लागली. कान्सूच्या बोलीवर आधारलेल्या तिच्या प्रमाण रूपात ३ सूर आहेत. कोशांत ते दाखवीत असले, तरी नित्याच्या लेखनात त्यांची कोणतीही खूण नसते. असे असूनही यासिर शिवाझा (१९०६-१९८८) यांचे काव्य, वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके याच लिपीत सिद्ध झाली. कारण वाचक सुटे अवयव वाचीत नाही, तो अनेक अवयवांनी घडलेले पूर्ण शब्द वाक्याच्या संदर्भात वाचतो, आणि त्या संदर्भातच बहुतेक संदिग्धता विरून जाते.

१९३०च्या दशकात पोलिवानोव्ह व द्रागुनोव्ह यांसारख्या सोविएत पंडितांनी तिचे सूक्ष्म परिशीलन केले, ते याच मोलामुळे. लिपी हे भाषेचे वस्त्र असून तिचा प्राण बोलणाऱ्यांच्या मुखी असतो, या सिद्धान्ताचा चिनी भाषाकुळातील जिवंत पुरावा या मूठभर गावांनी जपला आहे. म्हणून शाळा, बाजार व सरकारदरबार यांतील बलाढ्य भाषांच्या सान्निध्यात दुंगानच्या अध्यापनास व ग्रंथनिर्मितीस आधार मिळणे, हे त्या समाजाइतकेच अवघ्या भाषाविज्ञानाच्याही हिताचे आहे.