हिरव्या नाण्याचे निदान

वैद्यकीय व्यवसायात रुग्ण जे सांगतो ते ऐकून घ्यावे, परंतु निदान मात्र तपासणीअंतीच करावे, हा धडा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत गिरवलेला असतो. नाण्यांच्या छंदातही तोच धडा पुन्हा गिरवावा लागला, त्याची ही हकीगत.

काही वर्षांपूर्वी वडोद्यातील माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, रक्तदाब तपासून झाल्यावर थोडे घुटमळले. त्यांनी खिशातून एक पितळी डबी काढली. आत वाळलेले कुंकू, चार अक्षता आणि एक हिरवागार, खडबडीत तुकडा. “डॉक्टर, ही शिवराई आहे. महाराजांच्या काळातली. आजी सांगायची. मुलाकडे अमेरिकेला पाठवायची आहे. जरा चकचकीत करून द्याल?”

‘चकचकीत’ या शब्दाने माझ्या मनात एक जुनी जखम उघडी पडली. महाविद्यालयात असताना आजोबांच्या पेटीतले असेच एक नाणे मी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवले होते. सकाळी हाती आली ती गुलाबी, खड्डे पडलेली, निरक्षर चकती. ते नाणे कोणाचे होते, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. तांबे गंजते तेव्हा त्यावर प्रथम तांबूस ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर चढतो. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजेच त्यावरील अक्षरे, पुष्कळदा या थरांमध्येच टिकून असतात. खालचा धातू केव्हाच खाल्ला गेलेला असतो. आम्लाने थर विरघळला की त्याबरोबर अक्षरेही जातात. व्रणावरची खपली ओढून काढण्यासारखाच हा अविचार होय.

त्यातही दोन प्रकार ओळखावे लागतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा वा तपकिरी थर हा निरुपद्रवी, किंबहुना संरक्षकच असतो. परंतु फिकट हिरवी भुकटी झडत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो क्लोराइडचा विकार समजावा. दमट हवेत तो धातूला आतून पोखरत राहतो. या डबीत तशी भुकटी होती. कारण विचारता उलगडा झाला : दर दसऱ्याला आजी नाणे चिंच-मिठाने घासत असे. नीट न धुतलेले ते मीठ आणि देवघराची ओलसर भिंत यांनी पुढील काम केले होते.

मी नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवले आणि रोज पाणी बदलत राहिलो. नंतर भिंगाखाली, बांबूच्या टोकदार काडीने केवळ सुटी झालेली माती व कुंकू काढले. तार, सुई, ब्रश यांना मनाई. नाणे पूर्ण वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत अगदी आडवा धरला आणि नाणे हळूहळू फिरवत गेलो. समोरून पडणाऱ्या प्रकाशात जे दिसत नाही, ते तिरप्या प्रकाशात सावलीमुळे उठून येते.

आता निदान. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे ओळी पाडून आलेली असतात. वजनावर मात्र विसंबता येत नाही, कारण गंजाने वजन घटते तसेच थरांमुळे वाढतेही. शिवाय शिवराई पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती. म्हणून अस्सल शिवराईसुद्धा महाराजांच्याच काळातील असेल असे नाही.

या नाण्यावर आडव्या ओळींचा मागमूस नव्हता. दिसली ती एक वाकडी रेघ आणि तिच्या टोकाशी मूठ : तलवार! मराठी संस्थानिकांच्या नाण्यांवरील चिन्हे येथे उपयोगी पडतात. होळकरांच्या नाण्यांवर सूर्य, शिवलिंग, बेलपान आढळतात. शिंद्यांच्या नाण्यांवर नाग वा त्रिशूळ. आणि गायकवाडांच्या नाण्यांवर तलवार. हाताने ठोकलेल्या या पैशांवर ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा तुकडाच उमटे. तलवारीजवळ एक ‘गा’ सापडला. पण तो गायकवाडांचा, त्याने राजा ठरत नाही. भेद करते ते पहिले अक्षर. ‘मा’ असते तर मल्हारराव. तीन संध्याकाळी घालवल्यावर ‘ख’चा खालचा वळसा निर्विवाद दिसला. खंडेराव महाराज, कारकीर्द १८५६ ते १८७०.

निदान सांगणे हे निदान करण्याहून कठीण असते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आजी खोटं सांगत होती?”

मी म्हटले, “नाही काका. त्यांना ज्यांनी दिलं, त्यांनी जे सांगितलं तेच त्यांनी जपलं. नाणं मात्र याच गावचं आहे.”

“माझे पणजोबा खंडेरावांच्या पागेत होते,” ते सावकाश म्हणाले. “ते मात्र आम्हांला कोणी कधी मोठेपणानं सांगितलं नाही.”

नाणे अमेरिकेस गेले नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले. मुलाला छायाचित्र पाठवले. विकार पुन्हा बळावू नये म्हणून नाणे कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवले आणि त्यात औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. त्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात रोज फेकल्या जातात!

वाचकहो, आपल्या घरी असे एखादे हिरवे नाणे असेल तर ते घासू नका. कोरडे ठेवा, आडव्या उजेडात पाहा, आणि भुकटी झडत असल्यास वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना दाखवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याची हकीगत आजच विचारून लिहून ठेवा. ती चुकीची निघाली तरी चालेल. काकांच्या पणजोबांची नोकरी त्या चुकीच्या हकीगतीमागेच दडलेली होती.