पट्टा पडल्यावर बॅटरीची काळजी



कारखान्याचा पट्टा पडला की ऊस वाहतुकीचे बरेच ट्रॅक्टर पावसाळाभर शेडात उभे राहतात. मग मोळी टाकायच्या दिवसांत चावी फिरवावी, तर स्टार्टर नुसता 'टक्' करतो. धक्का मारायला माणसे गोळा करा, तोवर तोडलेला ऊस वाळतोय!

बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. उतरलेली तशीच पडून राहिली, की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. मग कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही.

यावर आम्ही सुचवतो तो उपाय असा. शेडाच्या पत्र्यावर, सावली पडणार नाही अशा जागी, दक्षिणेकडे कलते १० वॅटचे सौर पॅनेल बसवावे. भर उन्हात त्यातून सुमारे अर्धा अँपिअर वीज मिळते. पार उतरलेली बॅटरी भरायला ती पुरायची नाही. म्हणून बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्यावी, पुढे पॅनेल ती टिकवते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर जादा चार्ज होऊन पाणी आटते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

महिन्यातून एकदा पॅनेल पुसावे. ते सोडवून काही तासांनी मीटर लावावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेल्यास चार्जिंगला न्यावी. पाणी डिस्टिल्डच घालावे, विहिरीचे नको. आणि जवळ विडी मुळीच ओढू नये, चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो.

येत्या हंगामात आपली पहिली खेप वेळेवर गव्हाणीशी लागो!