हरवलेल्या वळणांचा शोध

मॅटीच्या कापडावर फुल्यांच्या टाक्यांनी वर्तुळ भरलं, की लांबून ते गोल दिसतं आणि जवळ जाताच कडेला पायऱ्या दिसतात. स्क्रीनशॉट हे तसंच भरतकाम आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० आडवे आणि १०८० उभे, म्हणजे एकूण २०,७३,६०० टाके, अर्थात पिक्सेल. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० ठिपके लागतात. त्या हिशेबानं हे अख्खं चित्र ६.४ इंच रुंदीलाच पुरतं. दहा फुटी फ्लेक्सवर ताणलं, तर एकेक चौकोन दीड मिलिमीटरहून मोठा होतो.

वाईट याचं वाटतं, की पडद्यावरचं अक्षर मुळात चौकोनांचं नव्हतंच. फॉन्टमध्ये ते वक्ररेषा म्हणून साठवलेलं असतं : काही बिंदू आणि त्यांच्या आधारानं घ्यायचं वळण. अशा वक्रांचं गणित मोटारींच्या कारखान्यांत घडलं. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि पुढे रेनोच्या पिएर बेझिए यांनी पत्र्याची वळणं आकड्यांत बांधली. संगणक दर वेळी त्या वक्रांचे ठिपके करून पडद्यावर उमटवतो. स्क्रीनशॉट घेतला जातो तो त्यानंतर, आणि वळण मागेच राहतं.

ते परत शोधायचं, म्हणजे ट्रेसिंगचं काम ‘पोट्रेस’ करतं. गणितज्ञ पीटर सेलिंजर यांनी २००३ मध्ये मांडलेली ही पद्धत आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणाऱ्या ‘इंकस्केप’ या मोफत रेखाटन-सॉफ्टवेअरमध्येही आहे. आधी चित्र निव्वळ काळं-पांढरं केलं जातं. मग काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरून पायरी-पायरीनं चालत एक बंद वाट आखली जाते. अर्ध्या पिक्सेलहून जास्त न ढळता किती पायऱ्या एका सरळ रेषेत बसतील, हे तपासून सर्वांत कमी बाजूंचा बहुभुज निवडला जातो. मला यातलं सर्वांत सुंदर पाऊल पुढचं वाटतं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ठरवायचं, की हा खरोखर टोकदार कोपरा आहे, की ठिपक्यांमुळे तसं भासणारं वळण? वळण ठरलं, तर तिथे बेझिए वक्र बसतो.

स्क्रीनशॉट मात्र या कामात अडचणी आणतो. अक्षरं मऊ दिसावीत म्हणून संगणक कडेला करडे ठिपके पेरतो. विंडोजची ‘क्लिअरटाइप’ पद्धत तर त्यांत लाल-निळ्या छटाही मिसळते. मॅकनं त्या २०१८ पासून सोडल्या. त्यामुळे एकाच पानाचे दोन संगणकांवरचे स्क्रीनशॉट ट्रेस केले, की निकाल वेगळे निघतात. उपाय साधा आहे : आधी पान ४०० टक्के मोठं करा. फॉन्ट मूळ वक्रांवरून नव्यानं रेखला जातो आणि पोट्रेसला भरपूर पिक्सेल मिळतात. फाइल पीएनजी ठेवा. जेपीईजीत कडांभोवती धुरकट ठिपके उठतात.

मराठी मजकुराला याची झळ जास्त लागते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध आकार होतो. एखादं अक्षर वेगळं काढायचं, तर रेघ कापावी लागते. शिवाय दोन पिक्सेलांपर्यंतचे ठिपके कचरा समजून गाळायचे, अशी पोट्रेसची नेहमीची मांडणी असते. बारीक मजकुरातला अनुस्वार त्यात सहज जातो, आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. मराठी ट्रेस करताना इंकस्केपमधला ठिपके गाळणारा ‘स्पेकल्स’चा पर्याय आधी बंद करावा.

मूळ फाइल हरवलेल्या बोधचिन्हासाठी ट्रेसिंगला पर्याय नाही. पण पान समोर उघडं असेल, तर स्क्रीनशॉट घेऊच नये. विंडोज १० पासून ‘प्रिंट टू पीडीएफ’ सोबतच येतं, मॅकच्या प्रिंट खिडकीत पीडीएफ असतं, लिनक्सवर ‘प्रिंट टू फाइल’. ती पीडीएफ इंकस्केपमध्ये मजकुराचे वक्र करण्याचा पर्याय निवडून उघडावी आणि वक्र जपणाऱ्या एसव्हीजी फाइलमध्ये जतन करावी. पानावरचे फोटो फोटोच राहतील, पण अक्षरं आपल्या मूळ वक्रांसह येतील. अनुस्वारही जागेवर असेल, आणि फ्लेक्सएवढा वाढवला तरी त्याची कड गुळगुळीत राहील.