न्यायासनावर बसण्याआधी आणि बसल्यावर

भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे आणि भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी. भोपाळची संस्था 1993 मध्ये नोंदली गेली. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिच्या संकुलाचे उद्घाटन व्हायला सप्टेंबर 2002 उजाडला. आज बहुतेक राज्यांत अशी अकादमी आहे. तरीही या साऱ्या व्यवस्थेखाली दोन गृहीतके दबून बसली आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. न्यायाधीशाला शिकवायचा तो मुख्यतः कायदा, हे पहिले. शिकायची गरज फक्त खालच्या न्यायालयांना, हे दुसरे.

पहिल्या गृहीतकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. 1986 मध्ये विधी आयोगाने आपला 117वा अहवाल खास न्यायाधीशांच्या प्रशिक्षणावर दिला. पुढे अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रशिक्षणसंस्था उभारण्याचे निर्देश दिले आणि 1993 मध्ये उमेदवाराला तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली. 2002 मध्ये शेट्टी आयोगाची शिफारस मान्य करून तीच अट काढली: ताजा पदवीधर चालेल, पण त्याला किमान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षे प्रशिक्षण द्या. मे 2025 मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तीन वर्षांची अट परत आणली. तीस-पस्तीस वर्षांत लंबक असा इकडून तिकडे गेला, कारण अनुभव आणि प्रशिक्षण यांपैकी एक असले की दुसऱ्याची उणीव भरून निघेल, असे प्रत्येक वेळी धरले गेले. 2025 च्या निकालाने वकिलीच्या अटीबरोबर एक वर्षाचे प्रशिक्षणही कायम ठेवले, हे बरे झाले. तीन वर्षांचा कनिष्ठ वकील बहुधा सीनियरसाठी तारखा घेत असतो. कोर्ट कसे चालते ते त्याला कळते, पण एकाच बाजूच्या बाकावरून.

न्यायाधीशाची काही कामे वकिलाने कधी केलेलीच नसतात. दाव्यात वादमुद्दे काढणे हे त्यांतले एक. ते ढिसाळ निघाले तर दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे नको त्या गोष्टींचा पुरावा देत बसतात. पुरावा नोंदवणे हे दुसरे आणि माझ्या मते सर्वांत अवघड. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो. त्याचे बोलणे कागदावर उतरताना, विशेषतः ते इंग्रजीत उतरत असेल तर, मधे न्यायाधीश असतो. उलटतपासणीत साक्षीदार म्हणाला, ‘अंधार होता, तोच असावा असं वाटलं,’ आणि कागदावर आले ‘मी आरोपीला ओळखले’, तर वरच्या न्यायालयाला अपिलात फक्त कागद दिसतो. तो अंधार आणि ते ‘वाटलं’ तिथे पोहोचत नाही. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी शेरा नोंदवण्याची मुभा कायदा न्यायाधीशाला देतो, पण किती जबाबांच्या शेवटी असा शेरा आढळतो? हे कलम पाठ करून येत नाही. नोंदवलेले जबाब पुन्हा समोर ठेवून, काय सुटले आणि काय वाढले ते दाखवणारा जाणता माणूस शेजारी लागतो. हरकत कधी तिथल्या तिथे निकाली काढायची, कोणती तारीख नाकारायची, रिमांडच्या अर्जावर सही करण्याआधी कोणता प्रश्न विचारायचा, हे सारे याच जातीचे कौशल्य आहे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा त्यांची कलमे शिकवणे अपरिहार्यच होते. पण कलमे वाचून समजतात, हे कौशल्य तसे समजत नाही.

यावर व्यवहारी आक्षेप असा की कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत, 25 हजारांच्या आसपास मंजूर पदांपैकी सुमारे 5 हजार रिकामी आहेत, आणि अशा वेळी न्यायाधीश वर्गात बसवायचे? आक्षेपात तथ्य आहे. मात्र चुकीचा आदेश थांबत नाही. तो अपील, पुनरीक्षण, फेरसुनावणी अशी तीन-चार नवी प्रकरणे जन्माला घालतो. खरी अडचण वेगळीच आहे. कामाचे मोजमाप निकाली काढलेल्या प्रकरणांच्या युनिटांत होते. अकादमीत धीर धरायला शिकलेला न्यायाधीश आपल्या कोर्टात परतला की युनिटे मोजू लागतो. मोजमाप बदलल्याखेरीज शिकवलेले टिकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: न्यायाधीशाला शिकवणारा उद्या त्याला निकालही शिकवील. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात न्यायाधीशांनी याच भीतीने प्रशिक्षणाला विरोध केला होता. तरी 1979 मध्ये तिथे ज्युडिशियल स्टडीज बोर्ड स्थापन झाले. फ्रान्समध्ये तर 1958 पासून न्यायाधीश घडवणारी स्वतंत्र शाळा आहे. भारतात अनुच्छेद 235 नुसार कनिष्ठ न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयांचे आहे आणि राष्ट्रीय अकादमीच्या प्रमुखपदी सरन्यायाधीश असतात, त्यामुळे मंत्रालयाने निकाल पढवण्याची शक्यता कमी. धोका असलाच तर ज्येष्ठांच्या सवयी कनिष्ठांच्या अंगी उतरण्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून वर्गात न्यायवैद्यक तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, तुरुंगात काम करणारे कार्यकर्ते बोलवावेत. स्वातंत्र्याच्या नावाखाली अज्ञान जपण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या गृहीतकाचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशांत सापडतो. 2023 मध्ये जामिनाविषयीचे निर्देश न पाळणाऱ्या न्यायाधीशांचे न्यायिक काम काढून त्यांना अकादमीत पाठवता येईल, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षण तिथे शिक्षेच्या जवळ जाऊन पोहोचले. पण 2020 मध्ये विनयभंगाच्या आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट एका उच्च न्यायालयाने घातली होती. 2021 मध्ये ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या लिंगभाव संवेदनशीलतेच्या प्रशिक्षणावर भर दिला. त्याच वर्षी त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून पॉक्सोखाली गुन्हा ठरत नाही, हा नागपूर खंडपीठाचा निर्णयही रद्द झाला. दोन्ही चुका तालुक्यातल्या दंडाधिकाऱ्याच्या नव्हत्या. उच्च न्यायालयावर थेट नेमलेल्या वकिलाने याआधी एकही पुरावा नोंदवलेला नसू शकतो, तरी त्याच्यावर प्रशिक्षणाचे कायदेशीर बंधन नाही. भोपाळला नव्या न्यायमूर्तींसाठी कार्यक्रम होतात, पण ते बंधनकारक नाहीत.

हे बदलायला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एकत्र बसून स्वतःसाठी आचारमूल्यांचा मसुदा स्वीकारला होता. नवनियुक्त न्यायमूर्तींनी पहिल्या वर्षात ठरावीक आठवडे वर्गात बसावे, असा ठराव प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्या सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीत करता येईल, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो पहिल्यांदा करावा.