दहापैकी दोन!

मुलांनो, दहा सामने खेळून फक्त दोनच जिंकणाऱ्या संघाला तुम्ही काय म्हणाल? "नापास!" हो ना? पण अशाच एका संघाची गोष्ट अमेरिकेत आजही अभिमानानं सांगतात. का बरं? ऐका तर.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हंटिंग्टन नावाचं शहर आहे. तिथल्या मार्शल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची ही गोष्ट. आता हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का! यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, नाहीतर सोबत्याकडे फेकायचा. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की झालं 'टचडाउन', म्हणजे ६ गुण.

१४ नोव्हेंबर १९७०. आपल्याकडे बालदिन असतो, तीच तारीख. बाहेरगावचा सामना खेळून संघ विमानानं परत येत होता. हवा पावसाळी होती. धावपट्टी अगदी जवळ आलेली असताना विमान टेकडीवर कोसळलं. आतले सगळेच्या सगळे, ७५ जण गेले. त्यांत ३७ खेळाडू होते आणि मुख्य प्रशिक्षक रिक टॉलीही. सारं शहर रडलं.

आता फुटबॉल बंदच करावा, असं काहींना वाटलं. पण मागे राहिलेल्या खेळाडूंना खेळायचं होतं. शेवटी १९७१ मध्ये जॅक लेंग्येल नावाचे नवे प्रशिक्षक आले. आल्यावर बघतात तो काय, शिकवायला संघच नाही! दुखापतीमुळे वगैरे घरी राहिलेले जुने खेळाडू मोजकेच. बाकी होती आदल्या मोसमात पहिल्या वर्षाला असलेली मुलं. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. म्हणून तर ती त्या विमानात नव्हती! आता नव्यानं आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही खेळवता यावं म्हणून विद्यापीठानं खास परवानगी काढली आणि ही सगळी कोवळी पोरं मैदानात उतरली.

पण समोर दांडगे, मुरलेले खेळाडू. ताकदीत त्यांना पुरं पडणार कसं? लेंग्येल सरांनी 'व्हीर' नावाची खेळण्याची पद्धत निवडली. यात समोरचा खेळाडू कुठे धावतो ते बघून चेंडू कुणी न्यायचा, हे त्या क्षणी ठरवायचं. ढकलाढकली कमी, चपळाई जास्त. ही पद्धत शिकायला ते कुणाकडे गेले असतील? त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्याकडे! आणि बाउडन यांनी आपल्या सामन्यांच्या फिती, डावपेचांच्या वह्या, सगळं त्यांच्यापुढे खुलं केलं. शेजारी असावा तर असा!

पहिला सामना ते हरले. दुसरा होता घरच्या मैदानावर, २५ सप्टेंबर १९७१ रोजी, झेव्हियर विद्यापीठाशी. शेवटचे काही क्षण उरले, तेव्हा मार्शलचे गुण ९ आणि झेव्हियरचे १३. रेजी ऑलिव्हरनं चेंडू टेरी गार्डनरकडे टाकला. गार्डनर पळत सुटला... आणि टचडाउन! घड्याळात वेळ संपलेली. आता बेरीज तुम्हीच करा. ९ आणि ६? हो, १५! मार्शल जिंकलं. प्रेक्षक मैदानात धावले, माणसं हसता हसता रडत होती.

त्या वर्षी त्यांनी आणखी एकच सामना जिंकला. २ विजय, ८ पराभव. लेंग्येल सर ४ वर्षं राहिले. त्यांत ९ सामने जिंकले आणि ३३ हरले. नुसते आकडे पाहिले तर अपयशच! पण ते आठ पराभव कुणाचे होते? वर्षापूर्वी ज्यांचा संघच उरला नव्हता, त्या मुलांचे. हरायला तरी मैदानात उतरावं लागतं ना? ती उतरली, म्हणून संघ टिकला. पुढे १९९२ आणि १९९६ मध्ये याच मार्शलनं आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

विद्यापीठाच्या आवारात त्या ७५ जणांच्या आठवणीचं एक कारंजं आहे. दर १४ नोव्हेंबरला ते बंद करतात. वसंत ऋतू आला की पुन्हा सुरू होतं.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगू? मूल सामना खेळून घरी आलं की "जिंकलास का?" हे आपण लगेच विचारतो. त्याआधी एकदा "कसं खेळलास?" असं विचारून बघा. उत्तर पुष्कळ मोठं मिळेल!