‘पॉश’ आणि कधीच न सापडलेला शिक्का

पॉश वस्ती, पॉश हॉटेल, पॉश राहणी. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याच्या जन्माची कथाही अनेकांना पाठ असते. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या बोटीत येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन उन्हापासून वाचे. ती परवडणाऱ्या साहेबाच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे उमटत, त्यातून ‘पॉश’ आला. यातला भूगोल खरा आहे. भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीला सूर्य उजवीकडे असतो आणि तांबड्या समुद्रात दुपारचे ऊनही त्याच बाजूने येते. पण डावी केबिन थंड होती एवढ्याने तिचा शब्द झाला असे ठरत नाही. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि पी अँड ओ या जहाज कंपनीच्या दप्तरातही त्याचा माग नाही.

यावर कोणी म्हणेल, जुनी तिकिटे जपून ठेवतो कोण? ठीक, तिकिटे सोडून देऊ आणि तारखा पाहू. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. आद्याक्षरांची ही व्युत्पत्ती मात्र छापील स्वरूपात प्रथम दिसते ती १९३५ मध्ये. मधली साठाहून अधिक वर्षे ती कोणी लिहून ठेवली नाही, आणि शब्द तर तोवर केव्हाच चलनात होता. १९व्या शतकातल्या लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, पुढे नुसताच पैसा. १८९० च्या सुमारास एका बोलीकोशाने पैशासोबत ‘छानछोकी माणूस’ हाही अर्थ नोंदवला. १८९२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’त टोप्यांच्या धंद्यावर गब्बर झालेल्या पात्राचे आडनावच पॉश आहे. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात हवाई दलाचा अधिकारी आईशी बोलताना हा शब्द आजच्याच अर्थाने वापरतो.

अर्ध्या पेनीचा अर्थ रोमानी भाषेतून आला; तिथे ‘पॉश’ म्हणजे अर्धा. रोमानी ही भारतीय आर्यकुळातली, म्हणजे मराठीची दूरची चुलत बहीण. पैशापासून थाटापर्यंतची वाट कोशकारांना पक्की जोडता आलेली नाही, म्हणून ते ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असे लिहितात. मग बोटीची कथा तरी का नाकारायची? कारण अनिश्चित म्हणजे वाटेल ते नव्हे. पैसा आणि छानछोकीपणा हे अर्थ छापील कागदावर सापडतात, शिक्का सापडत नाही. शिवाय आद्याक्षरे जुळवून उच्चारता येणारा शब्द घडवण्याची चाल रूढ झाली ती मुख्यतः २०व्या शतकात, महायुद्धांच्या काळापासून. चार दिशांची आद्याक्षरे जोडून ‘न्यूज’ झाला, ही तर शाळकरी सामान्यज्ञानातली आवडती थाप. तो शब्द सरळ ‘न्यू’चे अनेकवचन आहे. आद्याक्षरांचा खराखुरा ‘पॉश’ हवाच असेल तर तो भारतातच आहे: कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध (‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’) करणारा २०१३ चा कायदा, ज्याखाली दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती नेमावीच लागते.